लेझर क्लॅडिंग आणि ‘नव्यापेक्षा भारी’ शाफ्ट: फिरत्या दाव्याला उत्तर

जहाजदुरुस्तीच्या वर्तुळात सध्या एक दावा जोरात फिरतोय. लेझर क्लॅडिंग केलं की, म्हणजे लेझरने धातूची पावडर वितळवून भागावर नवा थर चढवला की, जहाजाचा कुठलाही झिजलेला भाग नव्यापेक्षा भारी होतो. उष्णता लागत नाही, त्यामुळे भाग वाकत नाही. इन्कोनेलचा, म्हणजे निकेलच्या एका मिश्रधातूचा, थर दिला की खाऱ्या पाण्याची काळजी संपली. आणि हे वेल्डिंग नसल्यामुळे क्लासच्या, म्हणजे जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या, मंजुरीची भानगडही नाही. सोबत निळसर ठिणग्यांचा एक झकास व्हिडिओ.

तंत्र उत्तम आहे, म्हणूनच हा प्रचार खटकतो. त्यावर विसंबून कोणी नको त्या भागावर थर चढवला, की नाव तंत्राचंच खराब होणार.

‘उष्णता लागतच नाही.’ लागते. लेझरचा झोत मूळ धातूचा वरचा पापुद्रा वितळवतो, आर्गॉनच्या प्रवाहातून आलेली धातूची पावडर त्या वितळलेल्या ठिपक्यात पडते आणि दोन्ही एकजीव होऊन गोठतात. थर पक्का बसतो तो या वितळण्यामुळेच. एकूण उष्णता आर्क वेल्डिंगपेक्षा बरीच कमी, एवढं मात्र खरं. मूळ पोलाद थरात मिसळण्याचं प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या आत ठेवता येतं, त्यामुळे मिलिमीटरभर थरातही मिश्रधातूचे गुण टिकतात.

पण याच कमी उष्णतेची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. भल्यामोठ्या थंड शाफ्टवर तेवढीशी उष्णता क्षणात आत ओढली जाते. इतक्या झपाट्याने थंड झालं की मध्यम कार्बनच्या पोलादात थराच्या लगेच खाली मार्टेन्साइट तयार होतं, पोलादाचं कठीण आणि ठिसूळ रूप. वरून ग्राइंडिंग केलेला थर आरशासारखा चमकतो आणि तडा सुरू होतो त्याच्या खालून. म्हणून आधी शाफ्ट तापवून घेतात, त्याच पोलादाच्या नमुन्यावर थर देऊन तो कापतात आणि थरापासून आतपर्यंत कठीणपणा मोजत जातात. वाकण्याचं म्हणाल, तर लांब, सडपातळ पंप शाफ्ट लेझरनेही वाकतो. थर दिल्यावर डायल गेज लावून रनआउट (फिरताना शाफ्ट किती डुलतो ते) बघतात ते उगाच नाही.

‘कुठलाही भाग चालतो.’ मला सगळ्यात धोकादायक वाटतो तो हाच मुद्दा. लिप सील (तेल अडवणारी रबरी कडी) बसते तिथे शाफ्टवर वर्षानुवर्षांच्या घासण्याने गोल चर पडतो. नखाला लागेल इतका खोल झाला की तेल गळायला लागतं. अशी जागा लेथवर थोडी उतरवायची, डाय पेनेट्रंटने (भेगांत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने) तडे तपासायचे, शाफ्ट फिरवत एकमेकांवर निम्मे चढणारे पट्टे द्यायचे आणि पुन्हा मूळ मापाला आणायचं. इथे हे तंत्र शोभून दिसतं. हायड्रॉलिक रॅम (तेलाच्या दाबाने सरकणारा दांडा), रडर स्टॉकची (सुकाणू फिरवणाऱ्या दांड्याची) बेअरिंगची जागा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, हीसुद्धा त्याच पठडीतली कामं. दुखणं पृष्ठभागाचं, उपाय पृष्ठभागावर.

टेलशाफ्टचा (प्रोपेलर बसतो त्या शेवटच्या शाफ्टचा) निमुळता कोन जिथे सुरू होतो ती जागा, चावीची खाच, फ्लँजच्या मुळाशी असलेली गोलाई यांची गोष्ट वेगळी. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात तिथे ताण उलटसुलट होतो. क्लॅडिंगचा थर थंड होताना आकसतो आणि बहुतेक वेळा खेचणारा ताण आत ठेवून जातो. थकव्याच्या तड्याला नेमकं तेच हवं असतं. थर माप परत देतो, शाफ्टची गेलेली ताकद नाही. मुख्य इंजिनच्या क्रँकशाफ्टचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) खराब झालं, तर ते घासून बारीक करून अंडरसाइज, म्हणजे त्या कमी मापाचं, बेअरिंग बसवण्याची जुनी वाट अजून चालू आहे, त्यामागेही हीच भीती आहे.

प्रोपेलरची तर तऱ्हाच न्यारी. तो तांब्याच्या मिश्रधातूचा, आणि नेहमीच्या इन्फ्रारेड लेझरचा बराचसा प्रकाश तांबं परतवून लावतं. शिवाय क्लास सोसायट्यांच्या सामायिक नियमांत पात्याचे ए, बी, सी असे विभाग पाडलेले आहेत. मुळाजवळच्या, सर्वाधिक ताणाच्या ए विभागात वेल्डिंग करून (आणि क्लॅडिंगही वेल्डिंगच) दुरुस्ती सहसा मान्यच होत नाही.

‘इन्कोनेल दिलं की गंज संपला.’ इन्कोनेल ६२५ मध्ये २० ते २३ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के मॉलिब्डेनम असतं. वाहत्या समुद्राच्या पाण्यात ते छान टिकतं. ओ-रिंगखाली किंवा सीलच्या ओठाखाली पाणी साचून राहिलं, की त्या फटीत त्यालाही खड्डे पडतात. आणि खरी मेख थराच्या कडेला आहे. इन्कोनेल आणि उघडं पोलाद खाऱ्या पाण्यात शेजारी आले की झीज पोलादाच्या वाट्याला येते. थर मोठा आणि पोलादाची उघडी पट्टी अरुंद असेल, तर ती पट्टी साध्या पोलादापेक्षाही लवकर खाल्ली जाते. थर कुठे संपवायचा हे ड्रॉइंगवर आधी ठरलं पाहिजे, शक्यतो पाणी न पोचणाऱ्या जागी.

शिवाय ६२५ चा थर मऊ असतो, विकर्स या कठीणपणाच्या मापात साधारण २०० ते २५०. हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कठीण मुलामा, ८०० च्या पुढे जातं. रेतीमिश्रित पाण्यात चालणाऱ्या रॅमवर ६२५ द्यायचं आणि मग ओरखडे पडले म्हणून तक्रार करायची, याला अर्थ नाही. स्टेलाइट हा कोबाल्टचा मिश्रधातू कठीण असतो, पण तो देताना तडे जायला फार वेळ लागत नाही. क्रोमची बाजू मी घेतोय असं मात्र नाही. त्याच्या बारीक भेगांतून पाणी खालच्या पोलादापर्यंत झिरपतं आणि मुलामा देताना वापरलं जाणारं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे. युरोपीय संघात २०१७ पासून ते खास परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि क्लॅडिंगकडे ओढा वाढण्याचं ते एक खरंखुरं कारण आहे.

‘वेल्डिंग नाही, म्हणून मंजुरी नको.’ हे निव्वळ चूक. धातू वितळून एकजीव होतो म्हणजे ते वेल्डिंगच, उष्णता लेझरची असो वा आर्कची. मंजुरीशिवाय केलेलं काम लपतही नाही. शाफ्ट सर्व्हेच्या, म्हणजे क्लासच्या तपासणीच्या, वेळी शाफ्ट बाहेर निघतो, आणि पोलादावर वेगळ्या झळाळीचा पट्टा दिसला की सर्व्हेअरचा पहिला प्रश्न तोच असतो. मग मूळ धातूचा दाखला, पावडरचा बॅच नंबर, कापलेल्या नमुन्याचा फोटो, कठीणपणाचा आलेख आणि डाय पेनेट्रंटचा रिपोर्ट मागितला जातो. यातलं काहीच हाताशी नसेल तर तो थर उतरवून टाकायला सांगू शकतात, आणि तेवढा वेळ जहाज गोदीत अडकून पडतं.