'पोरं बघालीत' म्हटलं तर चूक?

परवा ताईकडं गेलो होतो, आपल्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातच. भाचा दुसरीत आहे. वहीत लाल शाईनं शेरा: 'वाचन अशुद्ध. घरी सराव घ्यावा.' ताईचं तोंड उतरलेलं. म्हटलं, आण बघू पुस्तक.

पानावर छापलं होतं, 'मुले पाहत आहेत.' गड्यानं बोट ठेवलं आणि न अडखळता वाचलं, "पोरं बघालीत."

पोटभर हसलो. पण पोरानं केलं काय बघा. छापील मराठी वाचली, अर्थ लावला आणि घरच्या मराठीत सांगून मोकळा झाला. एखादा सरकारी जीआर घेऊन हे तुम्ही-आम्ही करून दाखवावं!

तरी शंका होतीच. चित्र बघून ठोकून देत असला तर? चित्र हातानं झाकलं आणि नुसत्या 'पाहत'वर बोट ठेवलं. "पा-ह-त." म्हणजे अक्षरं येतात. "मग बघालीत का म्हटलास रे?"

"तेच की मामा."

यावर अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वीच वाद घालून झालाय. केनेथ गुडमन नावाचे संशोधक आधी म्हणायचे, पोराची बोली पुस्तकी भाषेपासून जितकी लांब, तितकं वाचायला शिकणं अवघड. मग पोरांची वाचनं बसून ऐकली आणि १९७३ साली कॅथरीन बक यांच्यासोबत लेख लिहून हे मत स्वतःच मागं घेतलं. बोली आड येत नाही, शाळा तिला नाकारते ते आड येतं, असा त्या लेखाचा सूर. (गुडमनचं सगळंच काही टिकलं नाही. वाचन म्हणजे अंदाज बांधणं, हे त्यांचं म्हणणं पुढं मागं पडलं. सराईत वाचकसुद्धा बहुतेक शब्दांवर नजर टाकतो, हे डोळ्यांच्या हालचाली मोजून दिसलं. म्हणून तर मी चित्र झाकलं.)

त्याच काळातला, भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांचा किस्सा मला फार आवडतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला आठ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. मुलाखतीत विचारेल त्याला एका शब्दात उत्तर, नाहीतर गप्पच. अशा पोरांना तेव्हा 'भाषाच नाही' म्हणायचे. पुढच्या खेपेला मुलाखत घेणारा वेफर्स घेऊन गेला, पोराच्या जिगरी दोस्ताला सोबत घेतलं आणि सरळ फरशीवर बसला. मग काय, दोघं एकमेकांचं बोलणं तोडून बोलायला लागले! पोरगं तेच, तोंडही तेच.

आणि अक्षरांची घाई तर विचारूच नका. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये सोनाली नाग या संशोधक बाईंनी पोरांचं वाचन तपासलं. २००७ साली त्यांनी मांडलं की तिथली अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतसुद्धा वेळ लागतो. आपली बाराखडी आणि जोडाक्षरं काही वेगळी नाहीत. आणि आपण दुसरीतल्या पोराला 'अशुद्ध' म्हणून मोकळे. पोरांना वाचन-गणित यावं म्हणून केंद्र सरकारनं काढलेल्या 'निपुण भारत' मोहिमेत दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द हे लक्ष्य आहे, पण ते 'अर्थासह' वाचायचे आहेत. ते अर्थासह सगळेच विसरतात.

शाळेतल्या बाईंना दोष देत नाही. दोन इयत्ता एकाच खोलीत आणि वरून माहिती भरायची ती वेगळीच. पण १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा वर्गात येऊन बसलेली पोरं काय 'पाहत आहेत' म्हणत होती?

प्रमाण मराठी नको, असं मी म्हणत नाही. ती आलीच पाहिजे, पुढं अर्ज त्याच मराठीत करायचेत. पण 'पुस्तकात पाहत म्हणतात, आपण बघालीत म्हणतो' एवढं सांगितलं की काम होतं. पोराला दोन्ही येतील. त्यासाठी लाल शाई कशाला?

शनिवारी सकाळची शाळा असते. बाईंना भेटायला जाणार आहे. जाताना भडंगाचा पुडा घेऊन जावं म्हणतो.