दार लावायचं, तर आधी दुसरं उघडा

"आपलंच वैभव आणि आपल्यालाच बंदी?" जळगावहून भाऊ फोनवर तावातावाने बोलत होता. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत दिवसाला ठरावीकच माणसं सोडावीत, असं मी म्हटलं होतं. त्याचा राग मला कळतो. शाळेच्या सहलीत सतरा नंबरच्या लेण्यात राखणदाराने बाहेरचं ऊन पत्र्यावर झेलून आत भिंतीवर टाकलं आणि अंधारातून एकदम चेहरे वर आले, ते मी अजून विसरलेले नाही. त्याच्या मुलीला ते दिसू नये, असं मी कसं म्हणेन?

पण मी आता फ्रान्समध्ये, बोर्दोला राहते. इथून दोनेक तासांवर लास्कोची गुहा आहे, आदिमानवाने भिंतींवर काढलेल्या चित्रांची. १९४० साली सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली, आणि दिवसाला हजार-बाराशे माणसं आत जाऊ लागली. श्वासातली वाफ, अंगाची ऊब, दिवे यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, चुन्याची पांढरी पुटं चढली. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. हजारो वर्षं टिकलेलं पंधरा वर्षांत धोक्यात आलं होतं. बंद केल्यावरही दुखणं संपलं नाही, २००१ मध्ये आत बुरशी पसरली.

आई आली होती तेव्हा तिला तिथे नेलं. म्हणजे २०१६ मध्ये उघडलेल्या प्रतिकृतीत. आत मुद्दाम गार ठेवलंय, तिने शाल घट्ट लपेटली. "खरी कुठाय?" "वर टेकडीवर. तिथे कोणालाच सोडत नाहीत." "मग एवढ्या लांब आणलंस कशाला?" ती नाराजच झाली. मग भिंतीवर रंगवलेल्या, पाच मीटरांहून लांब बैलाच्या चित्राखाली उभी राहिली ती बराच वेळ हलली नाही.

लास्कोचा नियम उचलून अजिंठ्याला लावावा, असं मात्र मला वाटत नाही. लास्कोत कोणी हात जोडायला जात नाही. अजिंठ्यात बौद्ध उपासक बुद्धासमोर माथा टेकायला येतात. त्यांना प्रतिकृतीकडे बोट दाखवणं हा अपमान आहे. म्हणून पूर्ण बंदी नको. पण तिथली चित्रं माती, भुसा, गवताचे तंतू यांच्या गिलाव्यावर, वर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेली आहेत. गिलावा ओल धरून दगडापासून सुटला की चित्र त्याच्यासकट जातं. एक, दोन, सोळा आणि सतरा, एवढ्या लेण्यांपुरती तरी संख्या बांधावीच लागेल. आणि ती सगळ्यांना सारखी, बड्या पाहुण्यांना वेगळं दार नको.

आणि भावाची एक गोष्ट मला पूर्ण पटते. याच चार लेण्यांच्या प्रतिकृती आपणही पायथ्याशी उभारल्या. २०१३ मध्ये थाटात उघडलेलं ते केंद्र पाणी-विजेची बिलं थकून काही वर्षांतच बंद पडलं. खऱ्या दारावर संख्या बांधायची आणि प्रतिकृतीचं दार कुलपात ठेवायचं, तर दुरून एसटीने आलेल्या माणसाने बघायचं काय? आधी ते केंद्र नीट चालवून दाखवा, प्रकाश, मराठीतली माहिती, बसायला जागा. मग नियम सांगा. लोक ऐकतील, आईने ऐकलं.

भाचीला या दिवाळीत अजिंठा बघायचाय. मी भावाला म्हटलं, सुट्टीची गर्दी ओसरू दे, मधल्या वारी सकाळी लवकर ने. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेव.