रेवाबद्दल जे लिहायचं राहिलं

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं, की राग नेमका त्या वाक्याचा आला होता ज्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मूळ पोस्ट ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी सांगतो. आमची लॅब (लॅब्रॉडॉर जातीची) कुत्री रेवा शेततळ्यात उडी मारतानाचा फोटो मी टाकला होता आणि ‘हिच्या पिल्लांना पोहायला शिकवावं लागत नाही’ असं कौतुकाने लिहिलं होतं. त्यावर ताईंचे तीन आक्षेप आहेत. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात कुत्रं सोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. लॅब हे थंडीतलं कुत्रं, त्याला इथल्या उन्हात तळायचं कशाला? आणि ‘पाण्याची आवड’ सांगून पिल्लं खपवता, पण त्या आवडीबरोबर आणखी काय उतरतं ते का नाही सांगत?

पहिलं मान्य, अगदी शंभर टक्के. कागदाच्या शेततळ्याला काठ नसतोच, चारी बाजूंनी घसरगुंडी असते. वर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्या माणसालाही बाहेर येता येत नाही. कुत्रं जिथून उडी मारतं तिथूनच वर यायला बघतं, पंजे मारत राहतं आणि दमतं. आमच्या तळ्याच्या एका कोपऱ्यात काथ्याच्या दोराची जाळी खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलीय. नखांनी कागद फाटू नये म्हणून तिच्याखाली जुनी पोती आहेत. रेवाला उडी मारायला शिकवावं लागलं नाही हे खरं, पण त्या कोपऱ्यातून बाहेर यायला शिकवावं लागलं. पंधरा दिवस कमरेला दोर बांधून मीच पाण्यात उभा होतो. फोटोत तो कोपरा आलाच नाही, आणि मीही लिहिलं नाही. चूक माझी.

दुसऱ्याचं थोडक्यात. लॅबचे पूर्वज कॅनडातल्या लॅब्रॉडॉर भागातले नव्हेत, शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. कोळ्यांबरोबर बर्फासारख्या पाण्यात उतरणारी कुत्री ती. पुढे ब्रिटनमधल्या जमीनदारांनी ती शिकारीसाठी जोपासली आणि 1903 मध्ये तिथल्या केनेल क्लबने जात म्हणून मान्य केली. अंगावर केसांचे दोन थर, वर तेलकटपणा. हे सगळं थंड पाण्यासाठी, वैशाखासाठी नाही. म्हणून तर अकरा ते पाच रेवा ओल्या पोत्यावर पडून असते आणि पोहणं सकाळी साडेसहाला. तिच्यासाठी तळं म्हणजे चैन नाही, कूलर आहे. (आमच्या रस्त्यावरून आणलेल्या ठमीला मात्र बादली दिसली तरी ती पलंगाखाली जाते.)

आता तिसरं.

रेवाचं पहिलं वेत 2018 चं. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे मादी किमान 18 महिन्यांची हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात फार तर पाच, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. हे सगळं पाळलं होतं. नर कसा निवडला? तर नदीत चेंडू टाकला की जो परत परत जाईल तो. एवढंच बघून नर लावला आणि सगळं रीतसर केलं म्हणून स्वतःवर खूश होतो.

त्यातलं एक पिल्लू वाईजवळच्या एका शेतकऱ्याकडे गेलं. चौदा महिन्यांचं असताना पोरं त्याला तळ्यातून चेंडू आणायला लावत होती. दहाएक मिनिटांनी पाण्यातच त्याचे मागचे पाय गेले. पुढचे पाय चालू, मागचा भाग ओल्या गोणीसारखा खाली. थोरला पोरगा ट्यूब घेऊन पाण्यातच होता म्हणून वाचलं. काठावर वीस मिनिटं पडलं, मग उठलं आणि पुन्हा चेंडूकडे निघालं! डॉक्टरांनी हृदय तपासलं, साखर तपासली, सगळं ठीक. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी गालातला नमुना घेऊन डीएनए तपासायला पाठवला.

हा आनुवंशिक दोष आहे, ‘एक्सरसाइज इंड्यूस्ड कोलॅप्स’ (ईआयसी), म्हणजे जोराच्या श्रमाने कोसळणं. त्याचं जनुक 2008 मध्येच सापडलंय, म्हणजे रेवाच्या वेताच्या दहा वर्षं आधी. पिल्लाला सदोष प्रत आई आणि बाप दोघांकडून मिळाली तरच ते कोसळतं. एकच प्रत असलेलं कुत्रं आयुष्यभर ठणठणीत राहतं, दोष मात्र पुढे देतं. रेवा तशीच निघाली. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), श्रमाइतकीच उत्तेजनाही यात भर घालते. म्हणजे चेंडूसाठी जो जास्त वेडा, त्यालाच धोका जास्त. मी नर निवडला होता तो याच वेडावर.

नराच्या मालकाला फोन केला. ‘आमच्याकडे असलं काही नाही,’ म्हणाले आणि फोन ठेवला. बाकीच्या सहा घरांना मी स्वतः कळवलं. दोघांनी तपासणी केली, एकाने मला शिव्या दिल्या. त्या मी ऐकून घेतल्या.

‘मग दुसरं वेत काढलंच कशाला?’ असं तुम्ही विचाराल. काढलं, पण या वेळी तपासलेल्या, निर्दोष नराकडून. त्यातलं एकही पिल्लू या दोषाने कोसळणार नाही, मात्र काहींकडे एक प्रत असणार, आणि तसं प्रत्येकाला कागदावर लिहून दिलंय. खुब्यांचे एक्सरेही दोघांचे काढले होते. तरीही वेत काढायलाच नको होतं असं तुमचं मत असेल तर त्यावर आपलं पटणार नाही. ठमी आमच्या घरी आहे, पण म्हणून मी पिल्लं काढणं सोडलेलं नाही.

मूळ पोस्टमध्ये हे सगळं जोडतोय आणि जाळीच्या कोपऱ्याचा फोटोही टाकतोय. तुमच्या घरी दोन वर्षांचा लॅब आहे असं तुम्ही लिहिलंय. तपासणी होईपर्यंत त्याला पाण्यात चेंडू टाकू नका. पोटापर्यंतच्या पाण्यात, पट्टा लावून डुंबू दे. वाईचा तो अजूनही तसाच डुंबतो, आणि चेंडू घरात कुलपात असतो.