फ्रेम बरोबर, कोरीव काम ४ मिमी डावीकडे: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आमच्या लेसरने कोरणाऱ्या मशीनला तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत: "फ्रेम बरोबर दाखवतं, पण कोरताना अक्षरं ४ मिमी डावीकडे जातात. दोन चांगल्या लाकडी पाट्या फुकट गेल्या. फोन केला तर म्हणाले, तुमचंच लाकूड हललं असणार." (फ्रेम म्हणजे कोरण्याआधी मशीन फिरून दाखवते ती चित्राची हद्द.) तुम्ही जोडलेले फोटो मी स्वतः मोठे करून पाहिले. पहिल्या पाटीचं लाकूड हललेलं नाही. चूक आमची आहे, आणि फोनवर तुम्हाला दिलेलं उत्तरही चुकीचं होतं. दोन्हींसाठी मनापासून माफी मागतो.

पहिल्या पाटीवरची सगळी अक्षरं एकाच दिशेला आणि सारखीच सरकली आहेत. लाकूड मध्येच हललं असतं तर त्या जागी अक्षर तुटलं असतं. लेसरचं हेड (कोरताना फिरणारा भाग) ओढणारा पट्टा सैल असता तर 'व'चं पोट नीट गोल आलं नसतं. तुमच्या रेषा बारीक आणि गडद आहेत, म्हणजे फोकसही तुम्ही व्यवस्थित लावला होता. मग उरतो तो लाल ठिपका, ज्याच्या भरवशावर तुम्ही फ्रेम बघितलीत.

लेसर सरळ खाली पडतो. ठिपक्याचा दिवा मात्र त्याच्या उजवीकडे, साधारण ३० अंश कलता बसवलेला असतो. तिरका किरण आणि सरळ किरण एकाच उंचीवर एकमेकांना भेटतात, आणि ती उंची आम्ही ३ मिमी प्लायवर जुळवून मशीन पाठवतो. तुमची पाटी १० मिमी जाड. फोकससाठी तुम्ही लेसरचं मॉड्यूल (किरण सोडणारा भाग) ७ मिमी वर घेतलंत, ते अगदी योग्यच. पण ठिपक्याचा दिवा मॉड्यूलवर नाही, त्याच्या मागच्या प्लेटवर आहे. तो होता तिथेच राहिला. पृष्ठभाग ७ मिमी उंच झाला की ३० अंशांच्या किरणाचा ठिपका जवळपास ४ मिमी उजवीकडे पडतो. तुम्ही ठिपका पाटीवरच्या खुणेशी जुळवलात आणि लेसर त्याच्या डावीकडून चालला. हे आमच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नाही, ते असायलाच हवं होतं. लाइटबर्न या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्याचा फरक भरायची सोय आहे, पण तो आकडा एकाच जाडीपुरता खरा. जाडी बदलली की पुन्हा चूक.

दुसऱ्या पाटीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. तिथे चित्र अर्ध्यापर्यंत नीट आलंय आणि मग एकदम बाजूला गेलंय. फोटोत उजव्या कडेला क्लॅम्प दिसतो. फ्रेम फक्त चित्राची हद्द दाखवते. चित्र भरून कोरताना हेड प्रत्येक ओळीच्या टोकाला थोडं पुढे जाऊन वळतं, म्हणजे वेग कमी-जास्त होताना कडा जास्त जळत नाहीत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात, आणि वेग जितका जास्त तितकं हे अंतर वाढतं. हेड त्या क्लॅम्पला घासलं असावं. अशा मशीनला आपलं हेड खरोखर कुठे आहे ते कळत नाही, ती फक्त मोटरला दिलेल्या पावलांचा हिशेब ठेवते. धडकेत काही पावलं चुकली की तिथून पुढचं सगळं सरकतं. तरी ती पाटीही आम्हीच भरून देणार आहोत, कारण पहिली बिघडली नसती तर तुम्ही घाईत दुसरी लावली नसतीत.

ठिपक्याचा दिवा थेट मॉड्यूलला बसेल असा नवा कंस (ब्रॅकेट) दोन पाट्यांसोबत पाठवतो आहे. तो लावल्यावर मॉड्यूल वर-खाली झालं तरी दिवा सोबत हलेल, आणि फोकस बरोबर असेल तर दोन्ही किरण जुळलेले राहतील. बसवल्यानंतर एकदा टाकाऊ तुकड्यावर लेसरने बारीक ठिपका जाळून लाल ठिपका त्यावर आणा.

तोवर लाल ठिपका बंदच ठेवा. लेसर सगळ्यात कमी पॉवरवर, लाकडावर डाग पडणार नाही इतका मंद लावून त्याच्याच उजेडात फ्रेम बघा. पॉवर कितीही कमी असली तरी गॉगल काढू नका.

एकसारख्या बऱ्याच पाट्या करायच्या असतील तर मला सगळ्यात खात्रीची वाटणारी पद्धत साच्याची. आधी मशीन होम करून घ्या, म्हणजे हेड ठरलेल्या शून्य कोपऱ्यात जाऊ द्या, आणि लाइटबर्नमध्ये 'ॲब्सोल्यूट कोऑर्ड्स' (जागा त्या कोपऱ्यापासून मोजणारा पर्याय) निवडा. बेडवर जाड पुठ्ठा घट्ट चिकटवा, पुठ्ठ्याच्या जाडीवर फोकस लावा आणि पाटीच्या मापाचा आयत त्यातून कापून काढा. मधला तुकडा उचला, बाहेरचा पुठ्ठा जागेवरून हलवू नका. त्या खाचेत पाटी ठेवून दर वेळी डाव्या-खालच्या कोपऱ्यात दाबा, पाटीच्या जाडीवर पुन्हा फोकस लावा, आणि चित्र त्याच आयताच्या आत मांडून कोरा. खाच लेसरनेच कापलेली असल्यामुळे ठिपका, डोळ्यांचा अंदाज, पट्टी यांपैकी कशावरच विसंबावं लागत नाही. पाटी तिरकी बसण्याचा प्रश्नही मिटतो. एकच पथ्य: पाटी बदलताना हेडला हात लावू नका. मशीन थांबल्यावर मोटर सैल सुटत असेल तर हेड सहज सरकतं, आणि मशीनला ते कळत नाही. चुकून धक्का लागलाच तर पुन्हा होम करा.

कंस लावूनही फरक राहिला तर पाटीची जाडी, फरक किती आणि कुठल्या दिशेला, एवढं कळवा. या वेळी फोन मी स्वतः घेईन. मशीन परत करायची असेल तर पूर्ण पैसे मिळतील, आणि त्यासाठी हा शेरा बदलायची गरज नाही.