“पुरात मोबाईलचा काय उपयोग?” पाणी यायच्या आधी आहे, आणि ओसरल्यावरही

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तीन नातेवाइकांनी पाठवला. म्हणणं असं, की पूर आला की आधी लाइट जाते, मग टॉवर, तेव्हा अ‍ॅप, अलर्ट आणि ऑनलाइन कागदपत्रं हे सगळं शहरातल्या लोकांचं खूळ आहे. आपले वाडवडील नदीकडे बघून पूर ओळखायचे, तेवढं पुरे. ऑनलाइन कागदं कुणी मानत नाही, आणि पंचनामा शेवटी तलाठीच करणार, मग मोबाईलमधले फोटो विचारतो कोण? वर फोनवर अफवा आणि फसवणूकच जास्त.

मी मिरज तालुक्यात कृष्णाकाठी सेवा केंद्र चालवते. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांनंतर लोक ओली कागदं घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. त्यामुळे हा मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही.

“आधी लाइट जाते, मग टॉवर.” जाते. फोन मुका झालेले दिवस मीही काढलेत, आणि त्या दिवसांत बोट, दोर आणि पोहणारी पोरंच कामाला येतात. पण पाणी दारात आल्यावर फोन चालत नाही, म्हणून चार दिवस आधीही तो बिनकामाचा, हे कुठलं गणित? सांगलीला पूर एका रात्रीत येत नाही. कोयनेच्या पाणलोटात पाऊस लागतो, धरण भरत जातं, विसर्ग वाढवतात, हरिपूरला वारणा येऊन मिळते, खालून फूग धरते, म्हणजे पाणी पुढे न सरकता मागे तुंबतं. या सगळ्याला वेळ लागतो आणि त्याचे आकडे रोज, पुराच्या दिवसांत तर दिवसातून अनेकदा, जाहीर होतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. पाणी तासाला तीन इंच चढत असेल, तर 40 वरून 45 वर जायला 20 तास लागतात. तेवढ्यात नदीवरची मोटार वर निघते, जनावरं माळावर जातात, धान्याची पोती माडीवर चढतात, बाळंतीण पाहुण्यांकडे पोचते. रात्री अकराला फोनवर आकडा बघून मोटार काढलेला माणूस आणि सकाळी नदीवर जाऊन बघू म्हणून झोपलेला माणूस, दोघांचं नुकसान एकसारखं नसतं.

कोकणात एवढी सवड मिळत नाही, हे मान्य. 22 जुलै 2021 ला चिपळूणकरांच्या घरात वाशिष्ठी रात्रीतून शिरली. अशा जागी तर अलर्टची गरज जास्तच. 2023 मध्ये चाचणी म्हणून आपल्या फोनवर एकदम भोंगा वाजला होता, आठवतंय? घाबरून कित्येकांनी सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला. तो संदेश इंटरनेटवरून येत नाही. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर तो एकाच वेळी पडतो, डेटा पॅक संपलेला असला तरी. बंद केला असेल तर आजच चालू करा. माझ्या केंद्रावर आणलात तर मी करून देईन.

वाडवडिलांच्या ज्ञानाला मी नावं ठेवणार नाही. नदीचा रंग, वाहून येणारा पाला, पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं, हे माझे सासरे माझ्यापेक्षा चांगलं वाचतात. पण 2019 ला घात झाला तो याच भरवशावर. 2005 च्या पाण्याची रेघ भिंतीवर होती, “त्याच्या वर पाणी येत नाही” असं सगळे सांगत होते, आणि ज्यांचं घर त्या रेघेच्या वर होतं ते घरातच थांबले. पाणी आयर्विनला 57 फुटांवर गेलं. जुनी रेघ बुडाली. कोल्हापुरात तर दोन वर्षांत दोनदा असं झालं. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट. तिथे पंचगंगा 2019 ला 55 फुटांवर गेली आणि 2021 ला 56 ओलांडून गेली.

म्हणून आम्ही घरात एक गोष्ट केली. 2019 ची रेघ धरून उलटं मोजलं आणि आमच्या उंबऱ्याला पाणी आयर्विनच्या कितव्या फुटाला लागतं ते काढलं. आलं 48. आता तो आकडा दाराच्या चौकटीवर खडूने लिहिलेला आहे. फोनवर 43 दिसलं की सासरे स्वतःच म्हणतात, “चला, आवरायला घ्या.” त्यांचा अनुभव आणि फोनवरचा आकडा एकमेकांच्या आड आले नाहीत.

“ऑनलाइन कागदं कुणी मानत नाही.” हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्याची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. 2021 चं पाणी ओसरल्यावर एक आजी पिशवी घेऊन आल्या. टेबलावर त्यांनी एकेक कागद उलगडला. रेशनकार्ड लॅमिनेशन केलेलं, पण कडेने गाळाचं पाणी आत शिरून अक्षरं पार विरघळलेली. पासबुकाची पानं एकमेकांना चिकटलेली. “बघ की गं पोरी, ह्यातलं काय वाचतंय का,” म्हणाल्या. आधार पुन्हा काढायला पाच मिनिटं लागतात. पण आधारला जोडलेला नंबर होता त्यांच्या मुलाच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम बंद पडून दोन वर्षं झाली होती. ओटीपी येणार कुठे? आधी नंबर बदलायचा, त्यासाठी तालुक्याला जायचं, आणि रस्ते अजून चिखलात. पाच मिनिटांच्या कामाला अकरा दिवस लागले.

कायद्याचं म्हणाल, तर केंद्राच्या 2016 च्या नियमांप्रमाणे डिजीलॉकरमध्ये, म्हणजे कागदपत्रं ठेवायच्या सरकारी अ‍ॅपमध्ये, त्या त्या खात्याकडून थेट आलेला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. आपण फोटो काढून त्यात टाकलेला कागद मात्र तसा नाही, आणि “मानत नाहीत” ही तक्रार बहुतेक वेळा त्यातूनच येते. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो, त्यावर तलाठ्याची सही लागत नाही. हे सगळं पावसाआधी डाउनलोड करून आपल्या फोनमध्ये आणि परगावच्या एखाद्या माणसाच्या फोनमध्ये ठेवायचं. आपला फोन बुडाला, तरी लेकीच्या फोनमध्ये ते राहतं.

पंचनामा तलाठीच करतो, बरोबर. पण तो येतो तेव्हा पाणी ओसरलेलं असतं आणि बायकांनी घर धुऊनही काढलेलं असतं. 2019 ला घर दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात असल्याच्या अटीवरून केवढा गदारोळ झाला होता! ज्याच्याकडे पाणी शिरतानाचा आणि उतरल्यावरचा तारीख-वेळेसकट फोटो आहे, त्याला निदान दाखवायला काही असतं. धुण्याआधी प्रत्येक खोलीचा फोटो घ्या, भिंतीवरच्या रेघेजवळ टेप धरून घ्या. शेताचं तर त्याहून सोपं आहे. 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाईलवरून नोंद, आपली आपण करता येते. ती केलेली नसेल, तर बुडालेला ऊस सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही.

अफवांचं आणि फसवणुकीचं म्हणणं तेवढं खरं आहे. “धरण फुटलं” म्हणून दुसऱ्याच कुठल्या राज्यातला व्हिडिओ दर पावसाळ्यात येतो, आणि पूर ओसरला की “मदत मंजूर झाली, ओटीपी सांगा” असे फोन सुरू होतात. सरकारी मदतीसाठी कुणी फोनवर ओटीपी मागत नाही. मागितला तर फोन ठेवून द्या. पण हा मेसेजही फोनवरच आला होता ना? फोनवर येतं ते सगळंच सारखं नसतं, आणि पाणीपातळी जाहीर करणारं खातं नाव लावून आकडा देतं.

जूनच्या चारही रविवारी माझं केंद्र दहा ते पाच उघडं आहे. आधारला कुठला नंबर जोडलाय ते बघून देईन, पैसे नाहीत. घरातल्या म्हाताऱ्यांचे फोनही आणा, बटणांचे असले तरी.