‘फक्त मोबाईल, नव्वद दिवस, फाडफाड इंग्रजी’: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आलाय. दोन शिक्षकांचे ग्रुप, एक सोसायटीचा, एक घरचा. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: लहान मूल नुसतं ऐकून भाषा शिकतं, तसंच तुम्हीही शिका, इंग्रजी सिनेमे-सिरियल दिवसभर लावून ठेवा. खाली हिंदी सबटायटल असू द्या, अर्थ आपोआप कळतो. व्याकरण फेकून द्या, मराठीत विचार करणं बंद करा. ॲपवर रोज दहा मिनिटं द्या. उच्चारासाठी यूट्यूबवर गोऱ्या लोकांची नक्कल करा. क्लासचे पैसे वाचवा, एआयशी बोला. नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी. आणि शेवटी नेहमीचं, ‘पुढे पाठवा, एखाद्या गरजू मुलाचं भलं होईल.’

मी सोडून दिलं असतं, पण भाच्याचा फोन आला. डिप्लोमा करून पुण्यात दोन वर्षं नोकरी करतोय, आता दुसरीकडे मुलाखत आहे. ‘मामा, काकांनी ग्रुपवर टाकलंय ते वाचलंस ना? मग व्याकरणाचं पुस्तक बंद करू का?’

म्हणून हे लिहितोय. मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो. वर्गात मोबाईल आणि छोटा ब्लूटूथ स्पीकर रोज वापरतो, त्यामुळे ‘पूर्वी कसं छान होतं’ हा सूर माझ्याकडून मिळणार नाही. या फॉरवर्डमधलं थोडं खरंही आहे. पंचाईत अशी की ते खरं चुकीच्या जागी ठेवलंय.

सुरुवात लहान मुलापासून. मूल ऐकून शिकतं, पण कोणाचं ऐकून? आजी हातात चप्पल घेऊन, खाली वाकून, डोळ्यांत बघत विचारते, ‘भूर्र जायचं?’ मूल ‘भू’ म्हणतं, आजी ‘भूर्र’ म्हणते आणि खरंच दाराबाहेर नेते. पडदा चप्पल दाखवत नाही, उत्तराची वाटही बघत नाही. हे कोणी मुद्दाम तपासलंय का, तर हो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. दुसऱ्या बाळांना तशाच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. समोर माणूस होता त्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक ओळखता यायला लागला. पडद्यावाल्यांची प्रगती शून्य. भाषा शिकण्यात सगळ्यात तरबेज वय असलेल्या बाळांची ही गत, आणि आपण कुकरच्या शिट्ट्यांमागे सिरियल लावून ठेवून काय मिळवणार?

बरं, मोठ्यांना नुसतं ऐकून समजायला लागलं तरी बोलता येतं असं नाही. कॅनडात मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्टला १९६५ मध्ये एक वर्ग सुरू झाला. घरी इंग्रजी बोलणारी मुलं, शाळेत सगळं फ्रेंचमधून. पुढे देशभर तशा शाळा निघाल्या. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडलेल्या या मुलांना समजायचं उत्तम, पण बोलताना-लिहिताना क्रियापदांच्या आणि लिंगाच्या चुका तशाच राहायच्या. मेरिल स्वेन या संशोधक बाईंनी १९८५ मध्ये त्यावर बोट ठेवलं: नुसतं आत घेऊन भागत नाही, बाहेर काढावं लागतं. बोलताना अडलं की मगच आपल्याला काय येत नाही ते उमगतं. आपल्याकडेही घरोघर उदाहरणं आहेत. लहानपणापासून हिंदी सिनेमे बघणाऱ्या किती मावश्यांना भाजीवाल्या भैय्याशी हिंदीत घासाघीस करताना ‘मेरेकू पटता नहीं’ म्हणावं लागतं! (आणि तरी घासाघीस जिंकतात, ते वेगळं.)

आता सबटायटल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या फॉरवर्डमधली सगळ्यात उपयोगाची गोष्ट यांनी नेमकी उलटी सांगितलीय.

आठवीच्या वर्गात मी एका इंग्रजी कार्टूनचा चाळीस सेकंदांचा तुकडा लावला. आधी नुसता आवाज. सांगितलं, जे ऐकू येईल ते देवनागरीत लिहा, अर्थ लागो न लागो. एका वाक्याला मागच्या बाकावरच्या पोराने लिहिलं होतं, ‘वारा या गाना डू’. शेजारणीने ‘वॉटर या गाणं डू’. वर्ग हसून लोळला. मग तोच तुकडा इंग्रजी सबटायटल लावून दाखवला. खाली अक्षरं आली: व्हॉट आर यू गोइंग टू डू. मिनिटभर शांतता, मग पहिल्या बाकावरून, ‘सर, एवढंच म्हणाला होय तो?’ एवढंच म्हणाला होता. सहाही शब्द त्यांना पाचवीपासून येत होते. येत नव्हतं ते धावत्या बोलण्यात एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते. तिसऱ्यांदा सबटायटल बंद करून ऐकवलं, तेव्हा ‘वारा’ कोणालाच ऐकू आला नाही.

ही जादू इंग्रजी आवाजाखाली इंग्रजीच अक्षरं असतील तर होते. हिंदी अक्षरं असली की डोळे हिंदी वाचतात आणि कान सुट्टीवर जातात. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हे करून बघितलं. डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारातलं इंग्रजी दाखवलं, काहींना इंग्रजी सबटायटलसह, काहींना डच. नंतर त्याच उच्चारातली नवी वाक्यं ऐकवली. इंग्रजी सबटायटल बघितलेल्यांचे कान तयार झाले होते. डच सबटायटलवाल्यांना ती वाक्यं उलट जास्त जड गेली. अर्थ कळणं आणि भाषा कळणं यांत असा फरक पडतो.

आणि ही कल्पना आपल्याला परकीही नाही. दूरदर्शनवरच्या हिंदी गाण्यांखाली हिंदीतच शब्द येताना ज्यांनी बघितलेत, त्यांनी तिचाच एक अवतार बघितलाय. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये काम केलेले ब्रिज कोठारी १९९६ मध्ये मित्रांसोबत स्पॅनिश सिनेमा बघत होते. ते स्पॅनिश शिकत होते आणि पडद्यावर सबटायटल होती इंग्रजी. ती स्पॅनिशच असती तर संवाद नीट पकडता आले असते, असं त्यांना वाटलं. मग हेच हिंदी गाण्यांना केलं तर वाचायला अडखळणाऱ्या लोकांना सराव होईल, हा विचार तिथूनच आला.

एक अट मात्र आहे. तुकडा छोटा हवा आणि झेपणारा हवा. स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार, सिनेमातल्या संवादांपैकी ९५ टक्के शब्द ओळखीचे हवे असतील तर साधारण ३,००० शब्दकुळं यावी लागतात. शब्दकुळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी भावंडं. तेवढं येऊनही विसातला एक शब्द अनोळखी राहतोच. म्हणून नवशिक्याने आख्खा सिनेमा बघायला बसणं म्हणजे करमणूक, आणि करमणुकीला माझी अजिबात हरकत नाही. अभ्यास करायचा तर एक मिनिट पुरे, पण ते दहादा.

‘व्याकरण फेका, मराठीत विचार करणं बंद करा.’ विचार बंद कसा करतात, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मराठी डोक्यात असतेच आणि ती इंग्रजीत डोकावतेही. ‘मी आत्ताच आलो’मधला ‘च’ सोडवत नाही, म्हणून ‘आय केम नाऊ ओन्ली’. ‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतोय’ हे वाक्य मराठीत वर्तमानकाळातच सुरळीत चालतं, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स’. या चुका करणारा माणूस मठ्ठ नसतो, तो मराठीच्या नियमाने बरोबर चाललेला असतो. अशा चुका शंभर सिनेमे बघूनही जात नाहीत, कारण अर्थ कळतो आणि गाडी पुढे जाते. ‘हॅव बीन’ कानावरून हजारदा जातं, पण ते लक्षात यावं लागतं. ते लक्षात आणून देणारी दोन मिनिटं म्हणजेच व्याकरण. मी फळ्यावर मराठी वाक्य वर आणि इंग्रजी खाली लिहितो, ‘पासून’ला गोल करतो आणि विचारतो, हा ‘पासून’ खाली कुठे गेला? कुठल्या वेळेपासून सुरुवात झाली आणि किती काळ झाला, या दोन्हीला मराठी एकाच ‘पासून’वर निभावते, इंग्रजीला ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ असे दोन शब्द लागतात. मराठी बंद केली तर ही तुलना कशाशी करायची? फॉरवर्डवाल्याच्या बाजूने एवढंच म्हणेन, की नियम पाठ करून घेणारं आणि एकही वाक्य बोलायला न लावणारं व्याकरण असेल, तर ते खरंच फेका.

उच्चाराचंही तसंच. नक्कल करा, पण कशाची ते कळायला हवं. व्ही आणि डब्ल्यू हे दोन्ही आपण बोलताना ‘व’वर भागवतो. पण लिहिताना? ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’. आपल्या लेखनाने हा फरक केव्हाच टिपून ठेवलाय, फक्त तोंडाला ते माहीत नाही. ‘व्ह’ दिसला की वरचे दात खालच्या ओठाला टेकवा (‘व्हॉट’सारखे डब्ल्यू-एचचे शब्द सोडून), ‘व’ दिसला की ओठांचा चंबू करा, दात लागू देऊ नका. पोरं दोन दिवसांत शिकतात. ‘झू’मधल्या झेडसाठी ‘जीभ’मधला ‘ज’ नको, ‘जाळं’मधला ‘ज’ घ्या, अगदी तोच नसला तरी जवळ नेतो. हे कुठल्या गोऱ्या यूट्यूबरला ठाऊक असणार? मुळात हा फॉरवर्ड हिंदीतून उचललेला असावा, कारण त्यात ‘इस्कूल म्हणणं सोडा’ असंही एक वाक्य आहे. आपण कधी ‘इस्कूल’ म्हणालो?

तोंडाची परीक्षा घ्यायला मात्र मोबाईलसारखा परीक्षक नाही. कीबोर्डवरचा माइक दाबा, भाषा इंग्रजी ठेवा आणि एकेक शब्द बोला: शिप, शीप. वेस्ट, व्हेस्ट. काय उमटतं ते बघा. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो नीट, बोलतो मात्र बहुधा सारखंच, त्यामुळे जहाजाची मेंढी होते. शब्द सुटा बोलायचा, हे विसरू नका. पूर्ण वाक्य दिलं की फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि आपली चूक झाकून टाकतो.

ॲपबद्दल फार लिहीत नाही. पडद्यावर मांडून ठेवलेल्या शब्दांच्या फरशा जुळवणं म्हणजे ओळखणं, आणि समोरचा विचारतो तेव्हा फरशा नसतात. शब्द वाढवायला ठीक. ॲपमधली रोजच्या हजेरीची साखळी तुटू नये म्हणून रात्री बारा वाजायला पाच मिनिटं असताना सगळ्यात सोपा धडा उरकणारे मी घरातच बघितलेत. आणि नव्वद दिवसांचा हिशेब फॉरवर्डने स्वतःच दिलाय: रोज दहा मिनिटं म्हणजे एकूण पंधरा तास. केंब्रिजची इंग्रजी परीक्षा घेणारी संस्था म्हणते की युरोपीय मोजपट्टीच्या ए-टू या दुसऱ्या पायरीपर्यंत यायला १८० ते २०० तासांचं मार्गदर्शित शिक्षण लागतं, आणि स्वतंत्रपणे बरं बोलता येईल त्या बी-टूपर्यंत ५०० ते ६००. फाडफाड तर त्याच्याही पुढे.

राहिला एआय. त्याचा एक मोठा गुण मान्य करतो: त्याच्यासमोर लाज वाटत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने अख्ख्या वर्षात माझ्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलली नसतील, ती घरी आईच्या फोनशी अर्धा-अर्धा तास बोलते. पण त्याला मोडकंतोडकं सगळंच समजतं. ‘यस्टरडे आय गो मार्केट’ म्हटलं तरी ‘वा, छान, काय आणलंस?’ असं विचारून तो पुढे जातो. समोरच्याला कळलंच नाही, असं होत नाही, आणि सुधारायची गरजही वाटत नाही. म्हणून तिला पहिलं वाक्य ठरवून दिलंय: ‘माझं वाक्य चुकलं तर पुढे जाऊ नकोस, मला पुन्हा म्हणायला लाव.’

भाच्याला मी पुस्तक बंद करू नकोस म्हटलं आणि एक काम दिलं. पॉल नेशन या भाषाशिक्षण-तज्ज्ञांनी १९८९ मध्ये अभ्यासलेला जुना सराव आहे: एकच विषय आधी चार मिनिटांत सांगायचा, मग तीन, मग दोन, दर वेळी नव्या श्रोत्याला. त्याच्याकडे श्रोते कुठून येणार? म्हणून व्हॉइस नोट. पहिली मला, दुसरी माझ्या बायकोला, तिसरी त्याच्या आजीला. तिला इंग्रजी येत नाही, पण नातवाचा आवाज ऐकायला आवडतो.

विषय ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’. पहिल्या नोटमध्ये ‘सिन्स टू इयर्स’ होतंच. मी उलट व्हॉइस नोट पाठवली, मराठीत: ‘पासून कुठे गेला?’ दुसरी बायकोने ऐकवली, त्यातही तेच. तिसरी आजीकडून फिरून माझ्याकडे आली, रात्री साडेदहाला. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे…’ म्हणाला आणि थांबला. मागे रिक्षाचा हॉर्न वाजला. मग हळूच, ‘फॉर टू इयर्स.’