त्सुरायुकीची रोजनिशी राहूनच गेली
जुन्या जपानी कवितेवरचा तुमचा लेख आवडला, पण की नो त्सुरायुकी या कवीला 'कोकिनशू' या कवितासंग्रहाचा संपादक म्हणून दोन ओळींत गुंडाळलंत, ते काही पटलं नाही. सम्राट दाइगोच्या हुकमाने 905 च्या सुमारास सिद्ध झालेला तो संग्रह मोठाच, अकराशेच्या आसपास कविता. पण माणूस भेटतो तो 'तोसा निक्की' या त्याच्या रोजनिशीत. तोसा प्रांताची सुभेदारी आटोपून 935 मध्ये क्योतोला परतलेल्या या दरबारी गृहस्थाने चक्क बाईच्या तोंडून, काना या जपानी लिपीत ती लिहिली. पुरुषांच्या रोजनिश्या तेव्हा चिनीत असायच्या! त्याची मुलगी तोसातच वारलेली. घरी पोचल्यावर अंगणाची रया गेलेली, जुन्या पाइनच्या झाडांत नवी रोपं उगवलेली, आणि याच घरात जन्मलेली पोर तेवढी परतलेली नाही. प्रवासवर्णन म्हणून उघडलं होतं मी. तिथे पुढे वाचवेना.